ग्वाल्हेरमध्ये शस्त्रपरवाना: बुलपप कार्बाइन का मिळत नाही आणि अर्ज नेमका कशासाठी करावा

सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. बेल्जियमच्या पी९० सारखी बुलपप घडणीची (यंत्रणा चापाच्या मागे असलेली) कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, भारतात सर्वसामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाही. तिची एकेक गोळी झाडणारी नागरी आवृत्ती, पीएस९०, अमेरिकेत विकत घेता येते, त्यामुळे इकडच्या तरुणांना वाटते की कागद नीट जोडले तर आपलेही काम होईल. लश्कर, दौलतगंज, शिंदे की छावणी या भागांतल्या मराठी घरांतूनही हा प्रश्न निघतो, कारण ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात घरात बंदूक असणे ही नवलाई नाही. तेव्हा कलेक्टोरेटच्या शस्त्र शाखेत हेलपाटे घालण्याआधी कायदा कशाकडे पाहतो ते समजून घ्या. त्याचा पहिला प्रश्न गोळी केवढी हा नसतो, बंदूक चालते कशी हा असतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ हे आपले मूळ कागद. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांच्या श्रेणी दिल्या आहेत. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत येऊन बसते, अशा अर्धस्वयंचलित बंदुका पहिल्या, म्हणजे निषिद्ध श्रेणीत येतात. पीएस९० इथेच अडकते. पिस्तूलही अर्धस्वयंचलितच असते, पण पिस्तूल-रिव्हॉल्व्हर वेगळे काढून तिसऱ्या, परवाना मिळू शकणाऱ्या श्रेणीत ठेवले आहे. त्यातही सैन्याचे ९ मिमी काडतूस चालणारे पिस्तूल पुन्हा निषिद्ध. म्हणूनच नागरी बाजारात .३२ बोर दिसते (बोर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप). रायफलीचेही तसेच: .३०३ आणि ७.६२ ही सैन्याची काडतुसे चालणारी रायफल निषिद्ध, म्हणून आपल्याकडे .३१५ बोर घरोघर पोहोचली. इंग्रज सरकारला सैन्याचे काडतूस नागरिकांच्या हाती नको होते, तिथून ही वाट सुरू झाली.

निषिद्ध श्रेणीचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो. दहशतवादी किंवा अतिरेकी यांच्यापासून जिवाला गंभीर आणि खरा धोका असल्याचे पोलीस अहवालातून आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या शिफारशीतून दिसावे लागते. हौस किंवा संग्रह हे कारण तिथे चालत नाही. अशी वस्तू परवान्याशिवाय जवळ सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ आणि कमाल १४ वर्षे कारावास व दंड आहे. सुटे भाग मागवून घरी जोडणे, नळी कापून आखूड करणे, नकली बंदुकीची खरी करणे, यांनाही हाच कायदा लागू होतो. इंटरनेटवर कोणी ‘किट’ देऊ करत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

आता काडतुसाकडे येऊ, कारण खरा गैरसमज तिथेच आहे. ‘छोट्या कॅलिबरची आहे, .२२ सारखीच तर आहे’ असे लोक म्हणतात. पी९० चे काडतूस ५.७×२८ मिमी. पहिला आकडा गोळीच्या व्यासाचा, दुसरा पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या, लांबीचा. नेमबाज वापरतात त्या .२२ लाँग रायफलची गोळीही साधारण ५.७ मिमी व्यासाची आणि अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची असते, पण ती सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने जाते. ५.७×२८ ची साधारण दोन ग्रॅमची गोळी पी९० मधून सेकंदाला ७०० मीटरच्या वर जाते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे गोळी हलकी असूनही मारा तिपटीहून अधिक होतो. शिवाय .२२ रिमफायर आहे, म्हणजे पेट घेणारे द्रव्य पुंगळीच्या कडेत भरलेले असते आणि दाब मर्यादित राहतो. ५.७×२८ सेंटरफायर आहे, ते द्रव्य असलेली टोपी बुडाच्या मध्यभागी असते आणि पुंगळी बराच जास्त दाब सोसते. व्यास तोच असला तरी जात वेगळी.

हे काडतूस घडवले गेले ते सैन्यातल्या चालक, तोफची, संदेशवाहक अशा लोकांसाठी, ज्यांना पूर्ण लांबीची रायफल बाळगणे जड जाते पण पिस्तूल अपुरे पडते. बुलपप रचनाही त्याचसाठी. यंत्रणा आणि काडतूसघर चापाच्या मागे, दस्त्यात सरकवले की नळी फार न कापताही बंदूक आखूड होते. पी९० ची एकूण लांबी जेमतेम अर्धा मीटर आहे. तिचे ५० काडतुसांचे मॅगझिन नळीच्या वर आडवे बसते, काडतुसे नळीशी काटकोनात असतात आणि आत उतरताना वळतात. अशीच गरज ओळखून पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्र संशोधन संस्थेने ५.५६×३० मिमी काडतुसाची जेव्हीपीसी कार्बाइन विकसित केली. ती बुलपप नाही, तिचे मॅगझिन मुठीतून आत जाते. पण हेतू तोच, आणि तीही पोलीस व सुरक्षा दलांसाठीच आहे.

मग आपण अर्ज कशासाठी करू शकतो? छोट्या बोरची ओढ असेल तर .२२ रिमफायर रायफल हा सरळ रस्ता आहे. ती तिसऱ्या श्रेणीत येते, नेमबाजीच्या स्पर्धांत चालते, आणि भोपाळला राज्याची नेमबाजी अकादमी असल्याने मध्य प्रदेशात या खेळाला चांगला आधार आहे. माझे मत विचाराल तर आधी रायफल क्लबात एअर रायफलवर हात बसवा. ४.५ मिमी बोर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. शेतीच्या राखणीसाठी किंवा स्वसंरक्षणासाठी बारा बोर, .३१५, .३२ हे नेहमीचे पर्याय आहेतच.

अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर सुटकेनंतर पाच वर्षे परवाना नाही. शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून द्यायला लागले असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत नाही. गल्लीतल्या भांडणात असे बंधपत्र दिलेले लोक ही गोष्ट विसरतात आणि ठाण्याच्या अहवालात ती निघते. अर्जात कारण खरे लिहा: व्यवसायामुळे रोकड न्यावी लागते, शेत गावाबाहेर आहे, सैन्यातून किंवा पोलिसातून निवृत्त आहात, खेळाडू आहात. मालमत्ता कमी आहे एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे शस्त्र अधिनियमाच्या कलम १४ मध्ये लिहिले आहे. छोट्या दुकानदारांनी ते जरूर लक्षात ठेवावे.

वैयक्तिक परवान्याचा अर्ज नमुना ए-१ मध्ये, एनडीएएल-एएलआयएस या केंद्रीय पोर्टलवर भरला जातो, आणि तो जातो जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. सोबत जन्मतारखेचा पुरावा, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे चार फोटो, आधार, राहण्याचा पुरावा, शिक्षणाची व व्यवसायाची प्रमाणपत्रे लागतात. नमुना एस-१ म्हणजे शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. एस-२ मध्ये शस्त्र सुरक्षित ठेवण्याची आणि वापरण्याची हमी द्यायची. एस-३ हे डॉक्टरांचे प्रमाणपत्र, त्यात शारीरिक तंदुरुस्तीबरोबर मानसिक आरोग्याचा आणि नशेच्या आहारी नसल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. मोघम फिटनेस सर्टिफिकेट जोडले तर अर्ज अडतो.

इथल्या मराठी कुटुंबांना नावाचा घोळ हमखास नडतो. महाराष्ट्रात शिकलेल्यांच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव मधे असते, आधारवर नसते. हिंदी कागदांत पाटणकरांचे पाटनकर होतात. अर्ज भरण्याआधीच हे जुळवून घ्या, नाहीतर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र तयार ठेवा. ठाण्याची तस्दीक सुरू झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

पोलीस अहवालासाठी नियमांत ३० दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयासाठी ६० दिवस धरले आहेत. जिल्हा प्रशासन आपल्या काही अपेक्षाही जोडू शकते. २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना मागणाऱ्यांना दहा रोपे लावायला सांगितले होते आणि त्याच वर्षीच्या थंडीत गोशाळेला दहा कांबळी द्यायला. ज्या गावात परवान्याची एवढी ओढ आहे तिथे तिचा झाडांसाठी उपयोग झाला, हे मला मनापासून आवडले होते.

परवाना मिळाला की त्यावर यूआयएन हा विशिष्ट क्रमांक आहे का ते पाहा, त्याशिवाय परवाना वैध नाही. मुदत आता पाच वर्षे. एका माणसाकडे सामान्यतः दोनच शस्त्रे राहू शकतात, आणि आजोबांची जुनी दुनाली वारशाने आली असली तरी ती या दोनांतच मोजली जाते. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने २५ वर्षे शस्त्र बाळगले असेल, तर हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. जुन्या सरदार घराण्यांतल्या बंदुका अशाच मार्गी लावाव्यात. काडतुसे परवान्यावरच्या बोरचीच मिळतात. एका वेळी किती जवळ ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची, हे दोन्ही आकडे परवान्यात लिहिलेले असतात. विक्रेता प्रत्येक खरेदीची नोंद करतो.

लग्नात हर्ष फायर, म्हणजे आनंदाने हवेत गोळीबार, करू नका. बेपर्वाईने झाडलेल्या गोळीने कुणाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि परवानाही जाऊ शकतो. निवडणूक जाहीर झाल्यावर शस्त्र जमा करण्याचा आदेश आला तर पावती घेऊन जमा करा आणि ती पावती परवान्यासोबत ठेवा.

अर्ज नामंजूर झाला तर कारणे लेखी मागा, सामान्यतः ती द्यावी लागतात. जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील विभागीय आयुक्तांकडे, आणि त्याला ३० दिवसांची मुदत आहे. अपिलात नव्याने सगळे सांगत बसण्यापेक्षा ज्या एका कारणावर नकार आला, त्याच कारणाला कागदासह उत्तर द्या.