छोटा काकाकुवा घरी नेण्याआधी: कॉकटेल घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात आल्या आल्या बरेच जण विचारतात, "तो तुऱ्याचा पांढरा काकाकुवा आहे का?" नाही, आणि आम्ही मागवूनही देत नाही. मोठा काकाकुवा चाळीस-पन्नास वर्षं जगतो, सकाळ-संध्याकाळ असा ओरडतो की सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघावा, आणि कंटाळला की दाराची चौकट कुरतडून ठेवतो. फ्लॅटमध्ये त्याचे हाल होतात आणि घरच्यांचेही.

त्याच कुळातला सगळ्यात लहान पक्षी म्हणजे कॉकटेल. शेपटी धरून फूटभर लांब, वजन 80 ते 100 ग्रॅम. तुरा आहे, शीळ आहे, खांद्यावर बसायची हौस आहे. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला. तिथून रानातले पक्षी व्यापारासाठी बाहेर न्यायला कित्येक दशकं बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे दिसणारे कॉकटेल पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले आहेत.

हे पत्रक आज घरी न्या, सगळ्यांना वाचायला द्या आणि मग पक्षी घ्यायला या. नीट सांभाळलेला कॉकटेल 15 ते 20 वर्षं जगतो. पाचवीतल्या मुलीच्या हट्टापायी घेतलेला पक्षी ती नोकरीला लागेल तेव्हाही घरात असेल, आणि त्याचं पाणी बदलणारी व्यक्ती बहुतेक तिची आई असेल. तेव्हा आईला विचारून या.

कायद्याचं काय?

आपल्या इथला हिरवा पोपट पाळणं, विकणं, विकत घेणं हा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली गुन्हा आहे. "आमच्या गावाकडे सगळे पाळतात" म्हणून तो कायदेशीर होत नाही. परदेशी पक्ष्यांचं वेगळं आहे. कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर, साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असलेले परदेशी प्राणी-पक्षी बाळगणाऱ्याला केंद्राच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. त्याचे नियम 2024 साली आले. मोठे काकाकुवे या यादीत आहेत. कॉकटेल त्यात नाही, त्यामुळे त्याला ही नोंद लागत नाही. तरी आमची पावती जपून ठेवा. पायात रिंग असेल तर तिच्यावरचा नंबर आम्ही पावतीवर लिहून देतो. बंद रिंग पिल्लू काही दिवसांचं असतानाच पायात जाते, नंतर पंजा मोठा होतो आणि ती चढत नाही. म्हणून तिच्यावरचं साल सहसा पक्ष्याच्या जन्माचंच असतं.

कोणता पक्षी घ्यावा

आधी वयाचं बोलू. बाजारात चार-पाच आठवड्यांचं, अजून स्वतः दाणे न टिपणारं पिल्लू "हँडफीड बेबी" म्हणून मिळतं. "तुम्ही हाताने भरवा, लगेच लळा लागेल," असं सांगून पिल्लू, सिरिंज आणि पावडरीचा डबा हातात देतात. आम्ही असं पिल्लू विकत नाही. भरवायचं खाणं जरा जास्त गरम झालं तर गळ्याखालची पिशवी भाजते, गार राहिलं तर आत साचून आंबतं, आणि सिरिंज चुकली तर अन्न श्वासनलिकेत जातं. सवय नसलेल्या घरात यातलं काहीतरी होतंच. पिल्लू साधारण आठ ते दहा आठवड्यांचं झालं, दिवसभर स्वतः खाऊ लागलं, की आम्ही देतो. लळा या वयातही लागतो. त्याला सिरिंज नाही, रोजचा वेळ लागतो.

पक्षी निवडताना घाई करू नका. पिंजऱ्यासमोर दहा मिनिटं नुसते उभे राहा. माणूस जवळ आलं की आजारी पक्षीसुद्धा सावरून बसतो, थोड्या वेळाने त्याचं सोंग उतरतं. पिसं फुगवून डोळे मिटून बसलेला, दर श्वासाला शेपटी वरखाली करणारा, पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला पक्षी घेऊ नका, आम्ही स्वस्तात देतो म्हटलं तरी. आवडलेला पक्षी आमच्याकडून हातात धरून घ्या आणि छातीवरून बोट फिरवा. मधलं हाड जाणवलं पाहिजे, पण दोन्ही बाजूंना मांस हवं. हाड धारदार लागलं तर तो खंगलेला आहे. मग शेपटीखालची पिसं बघा, ती कोरडी आणि स्वच्छ हवीत. नाकपुड्या मोकळ्या हव्यात. हे सगळं आमच्या देखत, बिनधास्त करा.

रंगाचं म्हणाल तर ग्रे, लुटिनो, पर्ल, पाइड, सिनॅमन सगळे स्वभावाने सारखेच. दोन गोष्टी मात्र आधीच सांगून ठेवतो. लुटिनोच्या तुऱ्यामागे थोडं टक्कल असतं, तो आजार नव्हे, वंशातून आलेलं असतं. आणि पर्ल जातीचा नर पहिल्या पिसगळीनंतर अंगावरची ठिपक्यांची नक्षी बहुतेक सगळी गमावतो. "तुम्ही रंगवलेला पक्षी दिलात" अशी तक्रार घेऊन येऊ नका, आधी हे वाचा. ग्रे नराचा चेहरा त्याच पिसगळीत पिवळाधमक होतो, मादीचा फिका राहतो आणि तिच्या शेपटीखालचे आडवे पट्टे टिकतात. त्याआधी नर-मादी सांगणारा दुकानदार अंदाज सांगतो, आम्हीही. खात्री हवी असेल तर पिसावरून डीएनए चाचणी होते.

शीळ आणि बोलणं हवं असेल तर नर घ्या. तो चार-दोन शब्द शिकेल, पण त्याचा जीव शिळेत. आधी गाण्याची चाल शिकवली की शब्दांकडे सहसा ढुंकूनही बघत नाही, म्हणून शब्द आधी शिकवा. मादी शांत असते. दिवसभर घर बंद राहत असेल तर एकटा पक्षी नेऊ नका. जोडी न्या किंवा विचार सोडून द्या.

घर तपासा

या पत्रकातलं एकच प्रकरण वाचायचं असेल तर हे वाचा. कॉकटेल आजाराने जातात त्याहून जास्त घरातल्या साध्या वस्तूंनी जातात, असं आमचं मत झालंय.

पहिला नंबर छताच्या पंख्याचा. पक्षी बाहेर असेल तर पंखा बंद, मे महिना असला तरी. ज्याने पिंजऱ्याचं दार उघडलं त्यानेच बटण बंद केलंय याची खात्री करायची, असा घरात नियमच करा. खिडक्यांना जाळी हवी. पंखाची पिसं कापली म्हणून पक्षी उडणार नाही या भरवशावर राहू नका. वाऱ्याच्या झोतावर तो तिसऱ्या मजल्यावरूनही लांब जातो आणि मग परत वर येऊ शकत नाही. बाल्कनीत पिंजरा टांगत असाल तर माणूस शेजारी हवं. कावळे आणि मांजरं गजातून पाय ओढतात.

दुसरं स्वयंपाकघर. नॉनस्टिक तवा रिकामा आचेवर राहून फार तापला की त्याच्या लेपातून वायू निघतो. आपल्याला वासही येत नाही, पण पक्ष्याची फुप्फुसं काही मिनिटांत निकामी होतात. बाजूच्या खोलीतला पक्षीसुद्धा वाचेलच असं नाही. यावर औषध नाही. पक्षी आणायचा ठरला की लोखंडी तवा आणि स्टीलची कढई बाहेर काढा. डोसे जरा चिकटतील. एअर फ्रायर, सँडविच मेकर यांनाही बरेचदा हाच लेप असतो. फोडणीचा धूर, मच्छर अगरबत्ती, रूम फ्रेशनर, सिगरेट, कापूर आणि धूप हे सगळंही त्याच्या खोलीपासून लांब. आरती बंद करा असं आम्ही म्हणत नाही, पिंजरा आतल्या खोलीत न्या.

तिसरं, भरलेली बादली आणि उघडा कमोड. झाकण ठेवा.

दिवाळीत पक्षी रस्त्यापासून लांबच्या खोलीत, खिडक्या बंद करून ठेवा. कॉकटेल अंधारात दचकतो. आवाज झाला, गाडीचा उजेड भिंतीवरून सरकला, पाल पळाली, की पिंजऱ्यात बेभान फडफडतो आणि पंख फोडून घेतो. सकाळी तळाशी रक्त आणि चार लांब पिसं दिसतात ती यामुळे. असं झालं तर आधी दिवा लावा, हळू आवाजात बोला, लगेच पिंजऱ्यात हात घालू नका. रोज रात्री एक मंद नाइट लॅम्प पुरतो. पिंजऱ्यावर सुती कापड टाका, पण एक बाजू उघडी ठेवा.

आणखी एक. कॉकटेलच्या अंगातून पांढरी पूड झडते. काळ्या टीव्हीवर दोन दिवसांत थर दिसतो. घरात कुणाला दमा असेल तर पक्षी घेण्याआधी त्यांना आमच्या दुकानात तासभर बसवा. चहा आमच्याकडून.

पिंजरा

गोल, घुमटाचा, शोभेचा पिंजरा आमच्याकडेही टांगलेला दिसेल. तो घेऊ नका. एका पक्ष्याला निदान दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच चौकोनी पिंजरा हवा, जोडीला मोठा. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. गजांमधलं अंतर अर्धा इंचाच्या आसपास, नाहीतर डोकं अडकतं. नवा जस्ती पिंजरा व्हिनेगरने घासून धुवा. सुटलेलं जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. बसायला प्लॅस्टिकच्या दांड्यांऐवजी पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या वेड्यावाकड्या, वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या लावा. एकाच जाडीवर वर्षानुवर्षं बसून तळव्यांना घट्टे पडतात. पिंजरा भिंतीला लावून, माणसाच्या छातीच्या उंचीवर, दिवसभराचं ऊन न येणाऱ्या जागी. रात्री दहा ते बारा तास झोप हवी, म्हणजे मालिका चालू असलेल्या हॉलमध्ये त्याची रात्र होत नाही.

खाणं

नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेला कॉकटेल बाहेरून गुबगुबीत दिसतो आणि आतून यकृत चरबीने भरतं. राळा, बाजरी, वरी हे मुख्य दाणे. सूर्यफूल हातातून देण्यापुरतं, बक्षीस म्हणून. पेलेट्स (पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्या) परवडत असतील तर उत्तम, पण दाण्यांवरून पेलेट्सवर काही आठवड्यांत हळूहळू आणा. एकदम बदललं तर काही पक्षी उपाशी राहतात, पण नवं खात नाहीत.

रोज सकाळी ओलं खाणं: मोड आलेले मूग किंवा मटकी, कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, मक्याच्या कणसाचा तुकडा. भाजी मिठाच्या पाण्यात ठेवून साध्या पाण्याने धुवा. दोन-तीन तासांनी उरलेलं काढून टाका, उन्हाळ्यात त्याआधीच, कारण मोड लगेच आंबतात. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा लहान तुकडा. कॅल्शियमसाठी समुद्रफेस पिंजऱ्यात अडकवून ठेवा. गावाकडून बाजरीचं आख्खं कणीस मिळालं, फवारणी नसलेलं, तर पक्षी हातावर आणायला त्याच्यासारखी दुसरी लाच नाही.

अव्होकाडो, चॉकलेट, चहा, कांदा, लसूण, खारवलेले दाणे, फरसाण द्यायचं नाही. पाहुण्यांनाही सांगा, "एक शेव खाल्ली तर काय होतं" म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात.

पावसाळ्यात दाणे एका महिन्यापुरतेच न्या. दमट हवेत बुरशी धरते, आणि बुरशीचा दाणा पक्ष्याच्या फुप्फुसाला किंवा यकृताला लागतो. कुबट वास आला तर निवडत बसू नका, पिशवीच टाका.

ओळख होईपर्यंत

पहिले दोन-तीन दिवस त्याला एकटं सोडा. जवळ बसून पेपर वाचा, बोला, पण हात आत घालू नका. मग जाळीतून कणीस द्या, मग उघड्या दारातून, मग तळहातावर. तुरा बघायला शिका. ताठ उभा तुरा म्हणजे तो सावध किंवा दचकलेला. टोक किंचित मागे झुकलेला तुरा म्हणजे निवांत. डोक्याला सपाट चिकटवून फुस्स केलं तर हात मागे घ्या, पुढचा निरोप चोचीने येतो. मान खाली घालून डोकं पुढे केलं तर तुऱ्यामागे खाजवा, पिसांच्या उलट दिशेने, हळूच. संध्याकाळी चोचीचा करकर आवाज आला तर घाबरू नका, झोपेआधी समाधानाने चोच घासतो.

मादी एकटी असली तरी अंडी घालते, कोंबडीसारखीच. ती अंडी लगेच उचलू नका, उचललीत तर ती नवी घालत राहते आणि अंगातलं कॅल्शियम संपवते. तीनेक आठवड्यांत कंटाळून स्वतःच सोडते. पिंजऱ्यात मडकं, खोका, अंधारा कोपरा ठेवू नका. मादी फुगून तळाशी बसली, कण्हल्यासारखी जोर करतेय आणि अंडं येत नाही, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

आजारपण

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्याआधी, वजन लिहून ठेवा. पक्षी आजार लपवतो, काटा लपवत नाही. 90 ग्रॅमचा पक्षी 80 वर आला तर तो खेळत असला तरी दाखवा. विष्ठेत हिरवा किंवा तपकिरी भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी असं तिन्ही असतं. पालेभाजी खाल्ल्यावर पाणी वाढतं, ते चालतं. रंग दोन दिवस वेगळा राहिला तर कागदावरच घेऊन या.

पाण्यात टाकायची अँटिबायोटिकची पूड आम्ही विकत नाही, दुसरीकडून आणूनही टाकू नका. सगळे पशुवैद्य पक्षी तपासत नाहीत, म्हणून पक्षी घरी आणण्याच्या आठवड्यातच दोन दवाखान्यांना फोन करून विचारून ठेवा. पोपटवर्गातल्या पक्ष्यांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस नावाचा ताप आहे. घरात कुणाला न्यूमोनियासारखा त्रास झाला तर डॉक्टरांना "घरी पक्षी आहे" हे सांगा, ते औषध त्यानुसार देतात. घरात आधीचे पक्षी असतील तर नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत, आणि त्याचं काम शेवटी करून हात धुवायचे.

नखं वाढली तर घेऊन या, कापून देऊ, पैसे नाहीत. गावी जाताना पक्षी आमच्याकडे ठेवता येतो. त्याच्याच पिंजऱ्यात आणा, त्याचेच दाणे सोबत द्या आणि वजनाची वही विसरू नका. गणपती आणि दिवाळीत जागा लवकर भरते, महिनाभर आधी कळवा. पक्षी नेण्याच्या दिवशी सकाळी या, म्हणजे अंधार पडायच्या आत त्याला नवी जागा बघून घेता येईल. हवा येणारा खोका आम्ही देतो. दुचाकीवरून येत असाल तर खोका धरायला मागे कुणीतरी बसवा.