बस्ती बेळगावात, शिलालेख लंडनमध्ये

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे तिथल्या जैन मंदिरात, शिरलं की नजर आधी छताकडे जाते. तिथे दगडात कोरलेलं मोठं कमळ उलटं लटकलेलं आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज. त्यांच्या काळातली, १२०४च्या सुमाराची ही बस्ती. गावाचं नाव तेव्हा वेणुग्राम होतं. त्याच काळातले, बीचिराजाने बांधलेल्या रट्ट जिनालयाला दिलेल्या दानाची नोंद असलेले बेळगावचे दोन शिलालेख मात्र इथे बघायला मिळत नाहीत. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहेत. घर इथे आणि घराचा सातबारा सातासमुद्रापार, असा हा प्रकार आहे.

असं का होतं, हे समजायला संग्रहालयं कशी उभी राहिली ते बघावं लागतं.

ब्रिटिश म्युझियमची सुरुवात हॅन्स स्लोन या डॉक्टरच्या संग्रहातून झाली. त्याने जमवलेल्या सुमारे ७१,००० वस्तू पार्लमेंटने १७५३ साली कायदा करून घेतल्या, त्यासाठी लागणारा पैसा लॉटरीतून उभा केला, आणि १७५९च्या जानेवारीत दारं उघडली. पुढे साम्राज्य वाढत गेलं तसा संग्रहही वाढला. पॅरिसचा लूव्र हा तर राजवाडाच. क्रांतीनंतर, १० ऑगस्ट १७९३ रोजी तो लोकांसाठी खुला झाला. राजाची चित्रं रयतेची झाली, ही गोष्ट खरोखर मोठी. पण थोड्याच वर्षांत नेपोलियनच्या फौजांनी इटलीतून चित्रांच्या राशी तिथे आणून टाकल्या. व्हेनिसच्या एका मठातल्या भोजनशाळेसाठी व्हेरोनेझेने रंगवलेलं जवळजवळ दहा मीटर रुंदीचं चित्र त्यांतच गेलं. १८१५ नंतर बरंच काही परत गेलं, ते चित्र मात्र आजही लूव्रमध्येच आहे.

मला यांत सगळ्यांत जवळची वाटते ती फ्लॉरेन्सची आन्ना मारिया लुइझा. मेदिची घराण्याची ही शेवटची वारस. राज्य दुसऱ्या घराण्याकडे जाणार हे दिसत असताना तिने १७३७ साली करार करून घेतला: घराण्याचा कलासंग्रह नव्या राज्यकर्त्यांना मिळेल, पण त्यातलं काहीही शहराबाहेर जाणार नाही. उफीझी गॅलरी आज फ्लॉरेन्समध्ये भरलेली दिसते ती या एका अटीमुळे. सत्ता बदलली, वस्तू जागेवर राहिल्या.

आपल्याकडे अशी अट घालणारं कुणी नव्हतं. बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे १९५६पर्यंत मुंबईच्या कारभाराखाली होते. मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला १९०५ साली बसली आणि १९२२ साली ते लोकांसाठी उघडलं. ऐहोळेच्या देवळातल्या छताच्या कोरीव शिळा तिथे गेल्या. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्या दिसतात. ऐहोळे आता कर्नाटकात, शिळा महाराष्ट्रात. त्या नेल्या तेव्हा राज्याची हद्द ओलांडल्याचं कुणाच्या मनातही आलं नसेल.

उलटा प्रवासही झाला आहे. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, हाताच्या आडोशाने ज्योत सांभाळणाऱ्या बाईचं चित्र आपल्याकडच्या अनेक घरांत छापील रूपात लागलेलं असतं. बघणारा बेधडक रविवर्म्याचं नाव घेतो. रविवर्मा १९०६ सालीच वारला. हे चित्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी सावळाराम हळदणकरांनी जलरंगात काढलं, समोर स्वतःच्या मुलीला उभी करून. हळदणकर सावंतवाडीचे, म्हणजे आंबोली घाट उतरला की त्यांचं गाव. चित्र टिकलं, जपलं गेलं, याबद्दल म्हैसूरचे आभारच मानायला हवेत. पण चित्रकाराचं नाव लोकांच्या तोंडी का राहिलं नाही, याची हळहळ वाटते.

बेळगावात के. बी. कुलकर्णींनी चित्रकारांची पिढी घडवली. रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. वरेरकर नाट्य संघात के. बीं.च्या नावाचं कलादालन आहे. पाहुण्यांना किल्ला दाखवायला नेता, तसं तिथेही न्या.

आणि त्या दोन शिलालेखांचं वाचन एल. डी. बार्नेट यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांना वाहिलेल्या नियतकालिकात केव्हाच छापलेलं आहे. मूळ दगड येतील तेव्हा येतील. त्यांची छायाचित्रं आणि कन्नड-मराठी अर्थ यांचा एक फलक कमल बस्तीच्या बाहेर लावायला लंडनची परवानगी लागत नाही.