करंट बंद केला तरी जमिनीत व्होल्टेज का उरतं? आयपीची पार्श्वभूमी

बोअर मारायच्या आधी सर्व्हेवाला येतो, शेतात चार सळया ठोकतो आणि रीडिंग घेतो, तो बघतो रेझिस्टिव्हिटी, म्हणजे जमीन करंटला किती अडवते ते. जवळपास तशाच मांडणीने अजून एक गोष्ट मोजता येते, करंट तोडल्यावर व्होल्टेज लगेच शून्यावर येतं की काही सेकंद रेंगाळत उतरतं. हे रेंगाळणं म्हणजे इंड्यूस्ड पोलरायझेशन, या लाइनमधले सगळे आयपीच म्हणतात. गंमत म्हणजे हे दिसलं शंभरेक वर्षांपूर्वी, पण होतं कशामुळे हे नीट मांडायला पुढची चाळीस वर्षं गेली.

पहिलं नाव कॉनराड श्लुंबर्जे या फ्रेंच भूभौतिकशास्त्रज्ञाचं. पॅरिसच्या खाणशाळेत बाथटबमध्ये वाळू भरून त्याने प्रयोग केले, 1912 मध्ये नॉर्मंडीत प्रत्यक्ष जमिनीवर गेला, आणि 1920 च्या पुस्तकात धातूच्या खनिजावर करंट थांबल्यावरही व्होल्टेज उरतं हे लिहून ठेवलं. पण सिग्नल बारीक आणि तेव्हाची यंत्रं बेताची, त्यामुळे तो रेझिस्टिव्हिटीकडे वळला आणि हा विषय बराचसा मागे पडला.

परत उचल खाल्ली दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकन नौदलाशी संबंधित डेव्हिड ब्लाइलने यावर काम केलं, आणि न्यूमाँट या खाण कंपनीत आर्थर ब्रँटच्या टीमने पैसा आणि माणसं लावली, हॅरोल्ड सीगलचा टोरांटोचा 1949 चा प्रबंध त्यातलाच. त्यांना हवं होतं ॲरिझोनाचं पोर्फिरी कॉपर, ज्यात सल्फाइडचे, म्हणजे धातू-गंधकाच्या खनिजाचे, कण दगडात विखुरलेले असतात, एकमेकांना चिकटलेले नसतात, म्हणून रेझिस्टिव्हिटीत फारसा फरक दिसत नाही. आयपीत मात्र दिसतो. माझ्या मते कारण कळण्याआधीच पद्धत चालली ती या तांब्याच्या पैशामुळे.

कारणांवरचा महत्त्वाचा पेपर 1959 चा, मार्शल आणि मॅडन यांचा. दगडात करंट बहुतेक छिद्रांतल्या पाण्यातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, वाहून नेतात, तर पायराइटच्या (लोखंडाचं सल्फाइड) कणात तो इलेक्ट्रॉन नेतात. वाटेत असा कण आडवा आला की टोलनाक्यावर गाड्या तुंबाव्यात तसे आयन त्याच्या दोन्ही बाजूंना साचतात, कारण पलीकडे जायला तिथे रासायनिक देवाणघेवाण व्हावी लागते आणि तिला वेळ लागतो. करंट तोडला की साचलेले आयन हळूहळू पांगतात, तेच ते उरलेलं व्होल्टेज. कण जितके बारीक आणि विखुरलेले तितका एकूण पृष्ठभाग जास्त, म्हणून थोड्याशा सल्फाइडनेही चांगला सिग्नल येतो.

दुसरं कारण धातूशिवायचं, चिकणमातीचं. मातीच्या कणांवर ऋण भार असतो त्यामुळे तिथे धन आयनांची गर्दी, मग अरुंद वाटेतून धन आयन सहज जातात आणि ऋण अडकतात, आणि मिठाचं प्रमाण कुठे वाढतं कुठे घटतं. पण नुसत्या चिकणमातीत आयपी कमीच येतो! मातीचे पट्टे आणि मोकळी छिद्रं आलटून पालटून असली तरच फरक साचतो, म्हणजे थोडी माती मिसळलेली वाळू जास्त सिग्नल देते. 1957 मध्ये व्हॅकिए आणि सहकाऱ्यांनी भूजल शोधायला हे वापरून बघितलं होतं.

फील्डवरची एक कटकट सांगतो, व्होल्टेज मोजायच्या दोन जागी साध्या लोखंडी सळया लावल्या तर त्या स्वतःच पोलराइज होतात, म्हणजे त्यांच्यावरही भार साचतो, आणि मग दगडाचा सिग्नल कुठला आणि सळईचा कुठला काही कळत नाही, म्हणून तिथे मोरचुदाच्या द्रावणात तांब्याची कांडी ठेवलेलं सच्छिद्र मडकं वापरतात.

आणि मोठी अडचण अशी की पायराइट, ग्रॅफाइट, चाल्कोपायराइट (तांब्याचं खनिज) सगळेच सिग्नल देतात. 1978 मध्ये पेल्टन वगैरेंनी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर मोजून कोल-कोल मॉडेल, म्हणजे सिग्नलचं वर्णन करणारं एक गणिती सूत्र, बसवलं, त्यात कण मोठे तर व्होल्टेज उतरायला वेळ जास्त असं दिसतं, पण खनिज ओळखायची खात्री त्यानेही मिळत नाही. धातू नसलेल्या मातीत तर अजून वाद आहे, आयन कणाच्या पृष्ठभागावर सरकतात म्हणून होतं की अरुंद छिद्रांत अडतात म्हणून. हा वाद नुसता पुस्तकी नाही, पहिलं खरं असेल तर सिग्नलमधून कणांचा आकार कळतो, दुसरं असेल तर छिद्रांचा, आणि जमिनीतून पाणी किती सहज झिरपेल हे आयपीवरून काढायचं तर यातलं कोणतं धरायचं ते आधी ठरवावं लागतं.