वरची पाने वाचली, पण कशामुळे?

तंबाखूच्या खालच्या पानांना विषाणूची लागण झाली आणि वरची पाने पुढे त्याला दाद देईनाशी झाली, असे दोन जुने प्रयोग आहेत. एक विंगार्ड यांचा, १९२८ सालचा. दुसरा फ्रँक रॉस यांचा, १९६१ सालचा. दोन्हींवर 'झाडाची प्रतिकारशक्ती' असे लेबल लावून मोकळे होणे सोपे आहे, पण आत घडते ते दोन्हींत अगदी वेगळे.

आधी रॉस यांचे झाड. त्यात 'एन' नावाचे जनुक होते, मूळचे निकोटियाना ग्लुटिनोसा या रानटी जातीचे, संकर करून लागवडीच्या तंबाखूत आणलेले. या जनुकाचे प्रथिन पेशीत पहाऱ्यावर असते. टोबॅको मोझॅक विषाणू स्वतःच्या प्रती काढायला जे प्रथिन वापरतो, त्याचा एक भाग ते ओळखते. ओळख पटली की ईडीएस१ सारख्या प्रथिनांमार्फत संदेश पुढे जातो आणि लागण झालेल्या जागच्या पेशी मरतात. पानावर वाळका ठिपका उरतो, विषाणू तिथेच कोंडला जातो. त्याच वेळी सॅलिसिलिक आम्ल हे झाडातले इशाऱ्याचे रसायन वाढते आणि वरच्या पानांना इशारा मिळतो. गंमत म्हणजे त्या पानांत विषाणू पोहोचलेलाच नसतो. नंतर मुद्दाम लागण केली तर ठिपके लहान पडतात. टोबॅको नेक्रोसिससारखा दुसराच विषाणू लावला तरीही. सॅलिसिलिक आम्ल मोडणारे जिवाणूचे जनुक तंबाखूत घातले, तेव्हा ही सगळी तयारी नाहीशी झाली.

विंगार्ड यांच्या झाडात टोबॅको रिंगस्पॉट विषाणू वरपर्यंत गेला होता. पाने वलयांनी भरली, आणि त्यानंतर फुटलेली पाने मात्र स्वच्छ आली. स्वच्छ म्हणजे विषाणूमुक्त नव्हे. थोडा विषाणू त्यांत असतोच. याचा उलगडा व्हायला सत्तर वर्षे गेली. १९९९ मध्ये हॅमिल्टन आणि बॉलकोम यांना वनस्पतींत आरएनएचे, म्हणजे जनुकीय संदेश वाहणाऱ्या रेणूचे, अगदी छोटे तुकडे सापडले. डायसर प्रथिने विषाणूच्या दुहेरी आरएनएचे २१-२२ अक्षरांचे तुकडे करतात. आर्गोनॉट प्रथिन त्यातला एक तुकडा नमुना म्हणून धरते आणि त्याच्याशी जुळणारा आरएनए कापते. म्हणून हे संरक्षण जुळणाऱ्या विषाणूपुरतेच. हवाईतली 'रेनबो' पपई (१९९८) याच यंत्रणेवर उभी आहे: तिच्यात स्थानिक पपई रिंगस्पॉट विषाणूच्या (हा तंबाखूच्या रिंगस्पॉटहून वेगळा) कवचाचे जनुक घातले. या विषाणूचे दुसऱ्या देशांतले, थोडे वेगळे प्रकार आले की तिचा भरवसा राहत नाही.

तापमानाचाही फरक पडतो. साधारण २८ अंशांच्या वर एन प्रथिनाची व्यवस्था ढिली पडते आणि विषाणू झाडभर पसरतो. मग तापमान उतरले की सगळीकडच्या पेशी एकदम मरू लागतात आणि झाडच मरते. आरएनए कापणारी यंत्रणा उलट थंडीत मंदावते, उबेत जोर धरते.

विषाणूही या दुसऱ्या यंत्रणेवर तोड काढून असतात. टोबॅको मोझॅकचे प्रती काढणारे प्रथिनच आरएनए कापण्याचे काम दाबून टाकते. आणि एन प्रथिन ओळखते ते नेमके याच प्रथिनाला. त्यामुळे ओळख चुकवायची म्हणून ते टाकून देणे विषाणूला परवडत नाही.