पासपोर्टला जाण्याआधी घरातले सगळे कागद एका जागी मांडा

पासपोर्टचा फॉर्म भरणं आता अवघड राहिलेलं नाही. पासपोर्ट सेवाच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा एमपासपोर्ट सेवा या अ‍ॅपवर खातं उघडायचं, फॉर्म भरायचा, पैसे भरून तारीख घ्यायची आणि त्या दिवशी मूळ कागद घेऊन हजर व्हायचं. २०१७ पासून मोठ्या टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रं सुरू झाली. त्यामुळं संभाजीनगर, नांदेड, लातूर, बीडकडच्या माणसाला या कामासाठी रात्रीची गाडी धरून मुंबई-नागपूर गाठावं लागत नाही. २०१८ पासून तर देशातल्या कुठल्याही केंद्रावर अर्ज करता येतो, पत्ता गावाकडचा असला तरी.

तरीही माणसं खिडकीवरून परत येतात. परत येणाऱ्यांच्या पिशवीत कागद कमी नसतात, उलट गरजेपेक्षा जास्तच असतात. अडचण ही की प्रत्येक कागदावर वेगळाच माणूस असतो. आधारवर एक जन्मतारीख, टीसीवर म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरी, पॅनवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. म्हणून पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ काढा, आधार, पॅन, टीसी, दहावीचं प्रमाणपत्र, मतदान कार्ड, बँकेचं पासबुक शेजारी शेजारी मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. अर्ज बाद झाला तर फी परत मिळत नाही.

गुरुजींनी लावलेली तारीख

आपल्याकडं चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत घालायच्या वेळी लेकरू कधी जन्मलं हे घरात कुणाला नीट सांगता आलं नाही. पेरणीच्या वेळी, पोळ्याच्या आसपास, अशी उत्तरं मिळाली की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. पुढं आधारच्या नोंदणीला जो तो गेला तेव्हा कुणी १ जानेवारी सांगितलं, कुणाच्या कार्डावर नुसतं सालच छापून आलं. दोन्ही कागद सरकारीच, पण पासपोर्टच्या टेबलावर दोघांचं पटत नाही.

अशा वेळी सुधारायचं ते आधार, टीसी नव्हे. शाळा सोडल्यानंतर टीसीवरची जन्मतारीख बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीपर्यंत जावं लागतं आणि त्या फायली कशा हलतात हे जिल्हा परिषदेच्या पायऱ्या चढलेल्यांना सांगायला नको. आधारवरची तारीख मात्र दहावीचं प्रमाणपत्र किंवा तसा चालणारा पुरावा दाखवून बदलून मिळते. पण एकदाच. नाव दोनदा बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. ती एकुलती एक संधी घाईत, पॅनवर आहे म्हणून चुकीच्या तारखेवर घालवलेली माणसं दिसतात आणि त्यांना पुढं काय सांगावं हे आधार केंद्रातल्या पोरालाही कळत नाही. आधी टीसी हातात घ्या, मग आधार दुरुस्त करा, त्याच्यावरून पॅन, आणि मगच पासपोर्टचा फॉर्म उघडा. निव्वळ आधारवर जन्मतारखेचं काम भागेल असं धरून जाऊ नका.

तहसीलच्या चकरा कुणाला लागतात, कुणाला नाही

गावोगाव एक गैरसमज पक्का बसलाय: जन्म प्रमाणपत्राशिवाय पासपोर्ट मिळत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत पासपोर्ट नियमांत जी दुरुस्ती झाली ती अर्धीच वाचून हा गोंधळ वाढला. जन्म प्रमाणपत्राची सक्ती आहे ती १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. त्याआधी जन्मलेल्याला टीसी, दहावीचं प्रमाणपत्र, पॅन, वाहन परवाना, मतदान कार्ड, सरकारी नोकराला सेवापुस्तकाचा उतारा, इतकंच काय, एलआयसीचा पॉलिसी बाँडही जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालतो.

म्हणजे साठ वर्षांच्या माणसानं मुलाला भेटायला परदेशी जायचं म्हणून जन्माची नोंद नव्यानं करायला तहसीलला पळायचं काही कारण नाही. उशिराची जन्मनोंद आता सोपीही नाही. वर्ष उलटून गेल्यावर नोंद करायची तर जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा तसा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि राज्यात २०२५ मध्ये या नोंदींची तपासणी फार कडक झाली आहे. ज्याची गरजच नाही अशा कागदासाठी दलालाला पैसे मोजणारे बघितले की वाईट वाटतं. संशयास्पद प्रमाणपत्र जोडून चांगला चाललेला अर्ज अडकवून घेणारे त्याहून जास्त.

टीसीबद्दल एक. मूळ टीसी बऱ्याच जणांकडं नसतेच, कारण ती कॉलेजनं प्रवेशाच्या वेळी जमा करून घेतलेली असते. झेरॉक्स दाखवून चालत नाही, बोनाफाईड, म्हणजे इथं शिकतो असा शाळा-कॉलेजचा दाखला, हा जन्मतारखेचा पुरावा धरत नाहीत. शिकणाऱ्या पोरांनी पॅन किंवा मतदान कार्ड वापरावं हे सोयीचं. शिक्षण संपलेल्यांनी शाळेतून दुसरी प्रत काढावी आणि घेताना स्पेलिंग तिथंच उभं राहून तपासावं.

दहावी पास असाल तर दहावीचं मूळ प्रमाणपत्र बरोबर न्याच, जन्मतारखेसाठी लागत नसलं तरी. ते दाखवलं नाही तर पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी लागेल असा, शिक्का येतो आणि मग सौदी, कुवेत, कतार, अमिरातीसह १८ देशांत कामाला जाताना सरकारची वेगळी परवानगी काढावी लागते. आखातात गवंडी, ड्रायव्हर, वेल्डर म्हणून जाणाऱ्या पोरांना हे एजंट सांगत नाही, कारण ती परवानगी काढून देण्याचेही तो पैसे घेतो. पन्नाशीपुढच्या माणसाला आणि प्राप्तिकर भरणाऱ्याला हा शिक्का लागत नाही.

नाव, आडनाव आणि जिल्हा

फॉर्ममध्ये नावाचे दोनच रकाने असतात. पहिल्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, दुसऱ्यात फक्त आडनाव. जुन्या टीसीवर आडनाव आधी असतं, तेच क्रमानं उतरवून लोक आडनावाच्या जागी बापाचं नाव भरून बसतात. जाधवचं स्पेलिंग शेवटी व्ही की ओ, वाघमारेचं डब्ल्यूनं की व्हीनं, राठोडला शेवटी डी की आर, हे घरातल्या घरात भावाभावांत वेगळं असतं. उर्दू शाळेतून शिकलेल्यांच्या दाखल्यावर शेखचं नुसतं ‘एसके’ आणि मोहम्मदचं ‘एमडी’ असतं, आधारवर पूर्ण. पासपोर्टवर पूर्ण नावच हवं, त्यामुळं निदान दोन कागद पूर्ण नावाचे, एकाच स्पेलिंगचे तयार ठेवा. फरक मोठा असेल, किंवा लग्नात नावच बदललं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घेणं हा रस्ता आहे. नुसतं सासरचं नाव लावायचं तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढलेलं बरं. मात्र लग्न झालं म्हणून माहेरचं नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही नियम नाही. सगळे कागद माहेरच्या नावाचे असतील तर पासपोर्टही त्याच नावानं काढा आणि नवऱ्याचं नाव त्याच्या रकान्यात लिहा. सासरच्या मंडळींना हे पटवायला वेळ लागतो, पासपोर्टवाल्यांना लागत नाही.

जन्मस्थळाच्या रकान्यावर आपल्या भागातली माणसं हमखास थबकतात. उदगीरला १९७५ मध्ये जन्मलेल्याच्या टीसीवर जिल्हा उस्मानाबाद असतो, कारण लातूर जिल्हा झाला १९८२ ला. जालना जिल्हा १९८१ चा, हिंगोली १९९९ चा. त्याआधीच्या दाखल्यांवर औरंगाबाद आणि परभणी. त्यात आता औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. जुन्या दाखल्यावर जुना जिल्हा असणं ही चूक नाही आणि तो बदलून आणायला शाळेत जायची गरज नाही. जन्मगाव कागदावर आहे तेच लिहा आणि जिल्हा फॉर्मच्या यादीत जो येतो त्यातून निवडा. खिडकीवर कुणी विचारलंच तर शांतपणे सांगा की गाव तेच आहे, जिल्हा सरकारनं बदलला.

पत्ता आणि पोलीस

पत्त्याला आधार, वीजबिल किंवा बँकेचं फोटो असलेलं पासबुक चालतं. राष्ट्रीयीकृत, खासगी शेड्यूल्ड आणि ग्रामीण बँकेचं पासबुक चालतं, पतसंस्थेचं चालत नाही.

खरा मुद्दा सध्याच्या पत्त्याचा. माजलगावचा मुलगा पुण्यात खोली करून राहतो आणि फॉर्मवर गावाकडचा पत्ता देतो, कारण आधार तिकडचं आहे. पोलीस गावात जातात, हा सापडत नाही, शेजारी खरं ते सांगतात की तो दोन वर्षांपासून पुण्यात असतो. अहवाल प्रतिकूल जातो. ज्या घरात आज राहता तोच सध्याचा पत्ता, त्याचाच पुरावा आधी तयार करा. ऊसतोडीला सहा महिने बाहेर राहणाऱ्या घरांनी तर दसऱ्यानंतर अर्जच करू नये, कोयते परत आल्यावर करावा. पडताळणी आणि पासपोर्टचं पाकीट, दोन्ही वेळी माणूस घरी लागतो. पाकीट स्पीड पोस्टानं येतं आणि ज्याच्या नावाचं आहे त्याच्याच हातात देतात. दार बंद दिसलं तर ते पासपोर्ट कार्यालयाकडं परत जातं.

पोलीस पडताळणीला अर्जदाराकडून घ्यायची कुठलीही फी नाही. चहापाण्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण ती फी आहे असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे.

आंदोलनांतल्या गुन्ह्यांबद्दल फार जण विचारतात. रास्ता रोको, बंद, मोर्चा यांत नाव आलेली पोरं मराठवाड्यात गावागणिक सापडतील. फॉर्ममध्ये खटल्याबद्दल विचारतात तिथं खरं लिहा. न्यायालयात फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, पण त्याच न्यायालयाची परवानगी आणली तर मिळतो. ही सवलत १९९३ पासून आहे. वकिलाकडून अर्ज करून परवानगी आणणं वेळखाऊ असलं तरी होणारं काम आहे. लपवलं आणि पोलिसांच्या नोंदीत निघालं, की पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली नवाच गुन्हा अंगाला लागतो.

लेकराचा पासपोर्ट

इथं मात्र जन्म प्रमाणपत्र लागतंच, सक्तीच्या तारखेआधी जन्मलेलं असलं तरी लहानग्याकडं दुसरा कागद असणार कुठून? आणि तिथंच दोन खाचा आहेत.

पहिली: प्रमाणपत्रावर बाळाचं नावच नसतं. दवाखान्यानं जन्म कळवला तेव्हा बारसं झालेलं नव्हतं आणि नंतर कुणी फिरकलं नाही. नाव नंतर घालून मिळतं, पहिल्या वर्षात विनाशुल्क आणि पुढं पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण ते जन्माची नोंद जिथं झाली तिथंच. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंद आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. बाप आपल्या गावच्या ग्रामसेवकाकडं हेलपाटे घालत राहतो आणि त्याच्या दप्तरात ती नोंद असायचं कारणच नसतं.

दुसरी: माहेरच्या दवाखान्यात आईचं नाव माहेरचं लागलेलं असतं, कधी नुसतं लाडाचं. आईच्या आधारशी ते जुळत नसेल तर जन्मनोंदीतच दुरुस्ती करून घ्या. नाव घालायला जाल तेव्हाच हे काम उरका, पुन्हा तेवढ्यासाठी जायला नको.

बाकीचं सोपं. आई-बाप दोघांच्या सहीचं अ‍ॅनेक्शर डी, म्हणजे मुलाच्या पासपोर्टसाठी पालकांनी द्यायचं घोषणापत्र, साध्या कागदावर, २०१६ च्या शेवटी नियम बदलल्यापासून त्याला नोटरी लागत नाही. तरी केंद्राबाहेर टेबल मांडून बसलेले स्टँप पेपर विकतातच. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो बरोबर न्यायचा, साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर. इतरांचा फोटो तिथंच काढतात. आई-बापांकडं वैध पासपोर्ट असतील तर मुलासाठी पोलीस पडताळणी सहसा होत नाही, म्हणून शक्य असेल तर मोठ्यांचे पासपोर्ट आधी काढा.

नवरा नांदवत नाही, सही देत नाही, कुठं आहे माहीत नाही, अशा बायांना खिडकीवर ‘वडिलांची सही आणा’ एवढंच ऐकवून परत पाठवतात. त्यांच्यासाठी अ‍ॅनेक्शर सी आहे. एकाच पालकानं, दुसऱ्याची संमती का मिळत नाही हे लिहून अर्ज करता येतो. नवरा वारला असेल तर मृत्यू प्रमाणपत्र, घटस्फोट झाला असेल तर मुलाचा ताबा कुणाकडं हे सांगणारा न्यायालयाचा आदेश सोबत लावा. अ‍ॅनेक्शरचं नाव घेऊन बोला, समोरच्याचा सूर बदलतो.

फी आणि तारखा

मोठ्यांना ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, मुदत दहा वर्षं. अठराखालच्यांना १०००, मुदत पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते. पंधरा ते अठरा वयाचा मुलगा १५०० भरून थेट दहा वर्षांचा घेऊ शकतो. आठ वर्षांखालच्या आणि साठीपुढच्यांना नव्या अर्जावर दहा टक्के सूट आहे. तात्काळला २००० जास्त. त्यानं पासपोर्ट लवकर येतो, न जुळणारे कागद जुळत नाहीत.

भेटीची तारीख चुकली तर पैसे बुडाले असं समजून लोक पुन्हा फी भरतात. तसं नाही. पहिल्या तारखेपासून वर्षभरात तीनदा तारीख बदलून घेता येते.

सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’नं संपतो. शोधल्यावर वर दिसणारी, जास्त पैसे मागणारी दुसरी संकेतस्थळं खासगी असतात. शंका असेल तर १८००-२५८-१८०० हा मोफत क्रमांक आहे. आणि पासपोर्ट हातात आला की पोस्टमनसमोरच पाकीट फोडा, नाव, जन्मतारीख, जन्मगाव वाचा. छपाईची चूक असेल तर लगेच कळवा. व्हिसा लागल्यावर ती सापडली तर तिकिटासकट सगळं पुढं ढकलावं लागतं.