अमायलेजचा आकडा आणि दोन दिवसांची वाट : स्वादुपिंडाच्या दाहात रक्ततपासणी कशी बदलत गेली

पोटात वरच्या बाजूला अचानक कळ उठते, ती पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत. रिपोर्टमध्ये अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडातलं स्टार्च पचवणारं एन्झाइम, मर्यादेच्या दहापट येतं आणि घरचे लोक त्या आकड्यानं धास्तावतात. दोन दिवसांनी तो निम्म्यावर आला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. पण घाबरणं आणि सुटकेचा श्वास, दोन्ही चुकीच्या आकड्यावर टेकलेले असतात. स्वादुपिंडाला दाह झालाय एवढंच अमायलेज सांगतं. तो दाह चार दिवसांत निवणार की फुप्फुसं आणि मूत्रपिंडंही आपल्यासोबत ओढणार, याबद्दल ते काही बोलत नाही. तरी या आकड्याचा दबदबा टिकून आहे, आणि त्याला कारणं आहेत.

बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८९ मध्ये या आजाराचं पहिलं नीटस वर्णन केलं. अपेंडिक्सच्या दाहाची ओळख वैद्यकाला करून देणारेही तेच, त्याआधी तीनच वर्षं. पुढे १८९६ मध्ये प्रागमधल्या हान्स कियारी यांनी म्हटलं की हा अवयव स्वतःच्याच पाचकरसांनी स्वतःला पचवतो. १९०१ मध्ये युजीन ओपी यांनी पित्ताशयातला खडा नळीच्या तोंडाशी अडकून हा दाह होऊ शकतो हे दाखवलं. कारणं अशी उलगडत होती, पण निदान मात्र पोट उघडल्यावर किंवा शवविच्छेदनाच्या टेबलावरच व्हायचं. साहजिकच डॉक्टरांना दिसणारा जवळजवळ प्रत्येक रुग्ण अत्यवस्थ असायचा, आणि आजाराची ख्याती ‘हमखास घात’ अशीच झाली.

ते चित्र एका साध्या तपासणीनं पालटलं. १९०८ मध्ये बर्लिनच्या युलियस वोलगेमुट यांनी अमायलेज मोजायची रीत बसवली. काचेच्या नळ्यांची रांग घ्यायची. तपासायचा द्रव एका नळीपेक्षा पुढच्या नळीत अधिकाधिक पातळ करत न्यायचा. सगळ्या नळ्यांत सारखंच स्टार्चचं पाणी घालून त्यांना ऊब द्यायची आणि शेवटी आयोडीन टाकायचं. स्टार्च शिल्लक असेल त्या नळीत गर्द निळा रंग येतो, अमायलेजनं तो फस्त केला असेल तिथे निळं काही दिसत नाही. निळा रंग रांगेत जितका लांब जाऊन उमटेल तितकं अमायलेज जास्त. १९२९ मध्ये सेंट लुईसच्या रॉबर्ट एलमन आणि सहकाऱ्यांनी रक्तातलं अमायलेज स्वादुपिंडाच्या आजारांशी पद्धतशीर जोडलं आणि ही तपासणी रुग्णालयांत रुळली. १९३२ मध्ये लायपेज, म्हणजे चरबी पचवणारं एन्झाइम, मोजण्याची पद्धतही आली.

याचा एक परिणाम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोट न उघडता निदान होऊ लागल्यावर कळलं की बहुतेक रुग्णांचा आजार सौम्य असतो. पाचातले चार जण सलाईन, वेदनाशामक आणि देखरेख एवढ्यावर बरे होतात. मग प्रश्नच बदलला. ‘हा तो आजार आहे का’ याचं उत्तर मिळालं होतं. आता हवं होतं ते वेगळंच : आज सारखेच कण्हत पडलेल्या पाच जणांतला आयसीयूत जाणारा कोण?

अमायलेजकडे याचं उत्तर नव्हतं. ते काही तासांत चढतं आणि तीन ते पाच दिवसांत उतरतं, आजार सुधारो वा बिघडो. रक्तात ट्रायग्लिसराइड फार वाढल्यामुळे दाह झाला असेल तर ते खोटं कमीही दिसू शकतं. आधीच झिजलेल्या स्वादुपिंडात ते पुरेसं तयारच होत नाही. पण तपासणी स्वस्त होती, हाताशी होती आणि आकडा मोठा दणदणीत यायचा. असे आकडे सहजी जात नाहीत.

तीव्रतेचा पहिला गंभीर सुगावा कॅल्शियमनं दिला. दाहातून सुटलेलं लायपेज आसपासची चरबी फोडतं, मोकळी झालेली मेदाम्लं कॅल्शियमला धरून बसतात आणि पोटातल्या चरबीवर खडूसारखे पांढरे ठिपके दिसतात. हे ठिपके शवविच्छेदन करणाऱ्यांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. एडमंडसन आणि बर्न यांनी १९४४ मध्ये त्याची रक्तातली बाजू मांडली, म्हणजे या आजारात कॅल्शियम कसं खाली जातं आणि फार खाली जाणं किती अशुभ असतं. (रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी झालं तरी एकूण कॅल्शियम कमी दिसतं, त्यामुळे ही घट सगळी त्या ठिपक्यांच्या खात्यावर टाकता येत नाही.) १९६३ मध्ये रक्तस्राव होणारा, घातक प्रकार ओळखायला मेथहीमअल्ब्युमिन सुचवलं गेलं. साठलेल्या रक्तातलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग, अल्ब्युमिनला चिकटतं, ते मोजायचं. कल्पना चांगली होती, पण तो प्रकार मुळातच थोड्यांना होतो.

खरं वळण १९७४ चं. न्यूयॉर्कमध्ये जॉन रॅन्सन आणि सहकाऱ्यांनी १०० रुग्णांच्या ४३ नोंदी चाळल्या आणि त्यांतून ११ निकष वेचले. पाच दाखल होताना बघायचे : वय ५५ च्या वर, पांढऱ्या पेशी १६,००० च्या वर, साखर २०० च्या वर, आणि एलडीएच व एएसटी ही दोन एन्झाइमं वाढलेली. उरलेले सहा पुढच्या ४८ तासांत : हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा हिस्सा) १० टक्क्यांहून जास्त उतरणं, बीयूएन (रक्तातल्या युरियाचं नायट्रोजन) चढणं, कॅल्शियम ८ च्या खाली जाणं, धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन घटणं, आम्लता वाढणं आणि शरीरात सहा लिटरपेक्षा जास्त द्रव अडकून पडणं. या अकरांत अमायलेज नाही, ही गोष्ट त्या यादीइतकीच बोलकी आहे. तीनपेक्षा कमी निकष लागू असलेले रुग्ण सहसा वाचत, पुढे प्रत्येक पायरीगणिक धोका झपाट्यानं वाढत जाई. ग्लासगोत इम्री यांच्या गटानं १९७८ मध्ये आपली वेगळी यादी केली. ती नंतर छाटून आठ निकषांवर आणली गेली.

पण दोन्ही याद्या पूर्ण व्हायला ४८ तास लागत आणि रुग्ण बिघडतो तो बहुतेक त्याच ४८ तासांत. आजारानं आपला रंग दाखवून झाल्यावर ‘हा गंभीर होणार’ असं सांगणारी यादी खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरच्या कितपत कामाची, ही तक्रार तेव्हापासूनची.

एकाच तपासणीत हे काम भागवण्याची आशा सीआरपीनं जागवली. हे प्रथिन न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना सापडलं होतं. स्वादुपिंडाच्या दाहासाठी त्याचा गंभीर अभ्यास १९८० च्या दशकात झाला, आणि ४८ तासांनी लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर सावध व्हा, ही रेघ रूढ झाली. सोपी, स्वस्त, कुठेही होणारी तपासणी. खोट मात्र तीच, उशीर. सीआरपी यकृत बनवतं आणि तेही इंटरल्यूकिन-६ या दाहाची वर्दी देणाऱ्या प्रथिनाचा निरोप पोहोचल्यावर. पहिल्या रात्री सीआरपी कमी आहे म्हणून निर्धास्त झोपणं धोक्याचं.

मग संशोधक उगमाकडे सरकले. निरोप्याला, म्हणजे इंटरल्यूकिन-६ लाच पकडलं तर एखादा दिवस आधी कळेल, हे नव्वदीत दिसूनही आलं. आणखी मागे गेलं की ट्रिप्सिन, म्हणजे स्वादुपिंडाचं प्रथिनं पचवणारं एन्झाइम, भेटतं. निष्क्रिय ट्रिप्सिनोजेन जागं होताना त्याचा एक छोटा तुकडा तुटून पडतो आणि लघवीत उतरतो. तो तुकडा म्हणजे स्वतःला पचवण्याचा थेट पुरावाच, कियारींचा तर्क शंभरेक वर्षांनी असा मोजता आला. २००० मध्ये छापलेल्या अनेक केंद्रांच्या अभ्यासात पहिल्या २४ तासांत त्याची कामगिरी चांगली होती, तरी तो रोजच्या वापरात आला नाही. प्रोकॅल्सिटोनिनला, म्हणजे जंतुसंसर्गात रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाला, जागा मिळाली, पण थोडी निराळी : मेलेल्या ऊतीत जंतुसंसर्ग झालाय का, हा संशय घेताना ते जास्त उपयोगी पडतं.

दरम्यान ‘गंभीर’ कशाला म्हणायचं हेही हललं. १९९२ च्या अटलांटा व्याख्येत स्थानिक गुंतागुंत आणि अवयव निकामी होणं एकाच टोपलीत होतं. २०१२ च्या सुधारणेत तीन वर्ग झाले आणि ४८ तासांपेक्षा जास्त टिकलेली अवयवांची निकामी अवस्था हीच गंभीरतेची खूण ठरली. जुन्या अभ्यासांतले आकडे नव्या व्याख्येला सरळ लावता येत नाहीत ते यामुळे. शिवाय मूत्रपिंड निकामी झालंय हे ठरतंच क्रिएटिनिनवर, म्हणजे मूत्रपिंडानं गाळून टाकायच्या टाकाऊ पदार्थावर. ते भाकिताचं साधनही आणि निकालाचा भागही. त्यामुळे क्रिएटिनिनची कामगिरी वाचताना मी हात जरा आखडताच घेतो.

गंमत म्हणजे शेवटी टिकलं ते साधंच. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून ऊतींत गेलं की रक्त दाटतं, हिमॅटोक्रिट ४४ च्या वर राहतं. मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं की बीयूएन चढतं. २००८ च्या बायसॅप गुणांकनात पाचच गोष्टी आहेत : बीयूएन २५ च्या वर, शुद्ध हरपणं किंवा गोंधळ, शरीरभर दाहाची लक्षणं, वय ६० च्या वर, फुप्फुसाभोवती पाणी. पहिल्या २४ तासांत हे सगळं हाती येतं. पुढच्याच वर्षी जर्मनीतून उलट दिशेचा प्रश्न विचारणारं गुणांकन आलं, कुणाचा आजार निरुपद्रवी राहणार? पोट ताठरलेलं नाही, हिमॅटोक्रिट आणि क्रिएटिनिन नॉर्मल, तर बहुधा काळजी नको. ‘नाही’ म्हणणं ‘हो’ म्हणण्यापेक्षा सोपं असतं आणि इथेही ते जास्त खरं ठरलं.

२०१२ मध्ये पिट्सबर्गमधल्या गटानं नऊ गुणांकनं एकमेकांशेजारी ठेवून पाहिली. सगळ्यांची अचूकता मध्यमच निघाली. हा प्रश्न नुसता कागदावरचा नाही, कारण गंभीर होण्याचं भाकीत झालेल्या बऱ्याच जणांचा आजार प्रत्यक्षात सौम्यच निघतो आणि उपचार मात्र भाकितावर सुरू होतात. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या एका चाचणीत सीआरपी आणि गुणांकनांच्या आधारे असेच रुग्ण निवडून त्यांना प्रोबायोटिक दिलं गेलं. प्रोबायोटिकच्या गटात १६ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ६ टक्के. २०२२ च्या वॉटरफॉल चाचणीनंही सरसकट भरमसाट सलाईनचा आग्रह मोडला : शरीरात पाणी साठण्याचं प्रमाण भरमसाट सलाईनच्या गटात २०.५ टक्के, बेतानं दिलेल्या गटात ६.३ टक्के. आता बीयूएन आणि हिमॅटोक्रिट एकदा बघून चिठ्ठी लावायची नसते. काही तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं, आकडा कुठे निघालाय ते पाहायचं आणि सलाईनचा वेग त्यावर ठरवायचा.