चुंबकाची साक्ष आणि ट्रॉलीचा तांबेरा

एका नातेवाइकांच्या स्वयंपाकघरासाठी ट्रॉल्या निवडायला त्यांच्याबरोबर गेलो होतो. शनिवारी लोखंड विकत घेऊ नये म्हणून त्यांनी खरेदी मुद्दाम रविवारी ठेवली होती. विक्रेत्याने खिशातून बोटभर लांबीचे लोहचुंबक काढून थाळी बास्केटच्या तारेला लावले आणि ते चिकटत नाही असे दिसताच तो म्हणाला, "बघा साहेब, पक्के तीनशे चार." म्हणजे ३०४ क्रमांकाचे, सहसा न गंजणारे स्टेनलेस स्टील. नातेवाइकांनी समाधानाने मान डोलावली. त्यांच्या रत्नागिरीच्या घरातील ट्रॉल्या हीच परीक्षा उत्तीर्ण होऊन आल्या होत्या आणि दोन पावसाळ्यांत त्यांच्या जोडांवर तांबेरा चढला होता, याचा त्यांना त्या क्षणी विसर पडला होता. (स्टेनलेस स्टीलमध्येही साधारण ७० टक्के लोखंडच असते, त्यामुळे शनीला चुकवायचे असेल तर ताटे-वाट्याही जपूनच घ्याव्या लागतील. गंज मात्र वार पाहत नाही.)

ही चुंबकाची परीक्षा खोटी नाही, परंतु आपण तिला जो प्रश्न विचारतो त्याचे उत्तर ती देत नाही. चुंबक सांगते ते धातूच्या अणूंच्या मांडणीविषयी, आणि ट्रॉली गंजेल की नाही हे बव्हंशी ठरते ते त्या धातूत काय काय मिसळले आहे यावरून. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, पण तो दुकानात गृहीत धरला जातो तितका सरळ नाही.

साध्या लोखंडात अणूंची मांडणी एका घनाकृती चौकटीसारखी असते: आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि बरोबर मध्यभागी एक. या रचनेला फेराइट म्हणतात. लोखंड ९१२ अंश सेल्सिअसच्या वर तापवले की मधला अणू आपली जागा सोडतो आणि चौकटीच्या सहा पृष्ठांच्या मध्यबिंदूंवर अणू येऊन बसतात. ही रचना ऑस्टेनाइट. लोखंडाचा प्रत्येक अणू स्वतः एक चिमुकले चुंबकच असतो. फेराइटमध्ये शेजारी-शेजारी अणूंचे चुंबकत्व एकाच दिशेला वळते आणि त्यांची बेरीज होते, म्हणून खिळा चुंबकाला चिकटतो. ऑस्टेनाइटमध्ये अणूंची अंतरे आणि शेजार बदलल्यामुळे अशी एकजूट होत नाही, आणि लोखंडाचे प्रमाण तेवढेच असूनही चुंबक त्याच्याकडे दुर्लक्ष करते. अडचण एवढीच की साधे लोखंड थंड होताच पुन्हा फेराइटकडे परतते. ऑस्टेनाइट खोलीच्या तापमानालाही टिकवायचे असेल, तर त्यात अशी मूलद्रव्ये मिसळावी लागतात की जी त्या रचनेला आधार देतात.

निकेल हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध आणि महाग मूलद्रव्य होय. ३०४ क्रमांकाच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के किंवा थोडे अधिक निकेल असते. मात्र हेच काम मँगनीज आणि नायट्रोजन मिळूनही करू शकतात, आणि मँगनीज निकेलच्या तुलनेत पुष्कळच स्वस्त आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत निकेलची टंचाई झाली तेव्हा या पर्यायी पोलादांना, म्हणजे २०० मालिकेला, मोठी चालना मिळाली. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के आणि मँगनीज ७.५ ते १० टक्के असते. आपल्या बाजारात जे-४ या नावाने मिळणाऱ्या प्रकारात निकेल जेमतेम १ टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियमही १५-१६ टक्केच असते. या सगळ्यांची स्फटिकरचना ऑस्टेनाइटचीच. त्यामुळे ३०४, २०२ आणि जे-४ या तिघांच्या पुढे चुंबक सारखेच निर्विकार राहते, आणि विक्रेत्याचे "पक्के तीनशे चार" तिथेच कोसळते.

याची उलट बाजू मला अधिक मनोरंजक वाटते. ऑस्टेनाइट हे ३०४ मध्ये काहीसे नाखुशीनेच टिकलेले असते. पत्रा खोल दाबून सिंक बनवले, जाड सळई खेचून तार काढली किंवा ती तार थंड असतानाच काटकोनात वाकवली, तर त्या ताणाखाली अणूंचे थर एकमेकांवर सरकतात आणि काही भाग मार्टेन्साइट नावाच्या तिसऱ्या रचनेत जातो. ही रचना चुंबकीय असते. म्हणून अस्सल ३०४ च्या तारेलाही, विशेषतः वळणावर, चुंबक हलकेच ओढ देऊ शकते. घरातील फ्रिजवरचे चुंबक काढून स्टीलच्या सिंकच्या सपाट भागावर आणि नंतर त्याच्या गोल कोपऱ्यात फिरवून पाहा. पुष्कळ सिंकमध्ये कोपऱ्यात किंचित ओढ जाणवेल. धातू तोच, फक्त कोपऱ्याने अधिक मार सोसलेला असतो. थोडक्यात, हलक्या दर्जाचा माल या परीक्षेत पहिल्या वर्गात येतो आणि कधीकधी अस्सल माल नापास होतो. ४३० क्रमांकाच्या पोलादात तर निकेल जवळपास नसतेच, त्यामुळे त्याला चुंबक घट्ट चिकटते, पण क्रोमियम १६ ते १८ टक्के असल्याने गंजाच्या बाबतीत ते जे-४ पेक्षा डावे ठरेलच असे नाही.

मग गंज अडवते कोण? क्रोमियम. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली न गंजणारे पोलाद बनवले, त्यातही कळीचा घटक हाच होता. पोलादात क्रोमियमचे प्रमाण साधारण १०.५ टक्क्यांच्या वर गेले की हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडची अखंड साय धरते. ही साय काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाहूनही पातळ असते. ती ओरखडली तरी ऑक्सिजन मिळताच पुन्हा धरते. म्हणूनच "नॅनो कोटिंग" अशी चिठ्ठी लावून जादा पैसे मागणाऱ्या बास्केटकडे पाहून मला हसू येते. प्रत्येक स्टेनलेस चमच्यावर निसर्गाने ते फुकट दिलेले आहे.

या सायीचा वैरी क्लोराइड आहे, आणि ते मिठात असते, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात असते, फरशी धुण्याच्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेत असते आणि ट्रॉलीत सांडलेल्या लोणच्याच्या खारात किंवा कोकमाच्या आगळातही असते. धातूतील मँगनीज सल्फाइडच्या सूक्ष्म कणांपाशी साय मुळातच कच्ची असते, आणि क्लोराइड तिला तिथे छेद देते. छिद्राच्या तळाशी लोखंड आणि क्रोमियम यांचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सुटू लागतात, त्यांची पाण्याशी अभिक्रिया होऊन आम्ल तयार होते, विद्युतभार समतोल राखण्यासाठी बाहेरचे क्लोराइड आत ओढले जाते आणि तोंड अरुंद असल्याने साय पुन्हा धरायला लागणारा ऑक्सिजन आत पोहोचत नाही. छिद्र असे स्वतःच स्वतःला खोल करत जाते. क्रोमियम जितके जास्त तितके हे छिद्र पडणे अवघड, आणि एकदा पडलेल्या छिद्राची वाढ मंदावण्यात निकेलचाही वाटा असतो. ३१६ क्रमांकाच्या पोलादात मिसळलेले २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हे मूलद्रव्य हे काम आणखी चांगले करते, पण घरगुती ट्रॉलीसाठी तेवढा खर्च बहुधा अनाठायी आहे.

बास्केट निवडताना म्हणून माझी नजर आधी जोडांवर जाते. जिथे दोन तारा वेल्डिंगने जोडल्या आहेत तिथे निळसर-तपकिरी डाग तसाच राहिला असेल, तर उष्णतेने तिथली साय बिघडली आहे आणि कारखान्याने आम्लाने ती जागा स्वच्छ केलेली नाही असे समजावे. तारांमधली फट पाणी धरून ठेवते, त्यामुळे गंज नेहमी तिथूनच डोकावतो. साध्या लोखंडी तारेवर क्रोमचा मुलामा दिलेल्या बास्केट ओळखायला मात्र चुंबक खरोखर उपयोगी आहे, कारण त्या त्याला खाडकन चिकटतात. मुलाम्याला टाचणीएवढे छिद्र पडले की आतले लोखंड एरवीपेक्षाही वेगाने झिजते. ट्रॉली ज्यांवर सरकते त्या चॅनलला मात्र चुंबक चिकटले म्हणून बिचकू नये. ते सहसा जस्ताचा थर दिलेल्या साध्या पोलादाचेच असतात, आणि जस्त स्वतः आधी झिजून लोखंडाला वाचवते. चॅनलची परीक्षा वेगळी: ट्रॉली पूर्ण बाहेर ओढून तिच्या टोकावर हाताने भार द्यावा आणि ती आडवी हलवून पाहावी, कारण छर्‍यांमधला ढिलेपणा तिथेच कळतो. हळू मिटणाऱ्या बिजागरीतील दट्ट्याविषयी बोलणे फार होते, पण बिजागरीचा पत्रा जाड आहे का आणि स्क्रू प्लायवुडला नीट पकडतो का, हे आधी पाहावे.

आता घटक तपासायचे कसे? भंगाराच्या व्यवहारात बॅटरीबरोबर वापरायचे एक द्रव असते. त्याचा थेंब टाकून क्षणभर वीजप्रवाह सोडला की मँगनीज जास्त असलेल्या धातूवर लालसर रंग उमटतो. याहून खात्रीचे साधन म्हणजे क्ष-किरणांचे यंत्र. सराफाकडे सोन्याची शुद्धता मोजणारे कॅरेटमीटर याच तत्त्वावर चालते: क्ष-किरण पडताच प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडते, मँगनीज ५.९, लोखंड ६.४ आणि निकेल ७.५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. धातूच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे याचेच हातात धरायचे रूप असते.

२०० मालिका म्हणजे फसवणूक, असे मात्र मी म्हणणार नाही. कमी निकेलच्या पोलादाची भांडी आणि स्वयंपाकघरातील उपकरणे यांसाठी आयएस १५९९७ हे भारतीय मानक २०१२ पासून आहे. २०२ ला ३०४ चा भाव लावणे ही फसवणूक आहे. म्हणून आम्ही विक्रेत्याला एकच विनंती केली, की बिलावर धातूचा क्रमांक लिहून द्या. त्याने "एसएस बास्केट" एवढेच लिहिण्याची तयारी दाखवली आणि पेन पुन्हा खिशात, चुंबकाशेजारी, ठेवले. नातेवाइकांनी अखेर दुसरीकडून क्रमांक लिहिलेल्या बिलावर दोन्ही प्रकार घेतले: सिंकखालच्या, ओली ताटे ठेवायच्या आणि मीठ-लोणच्याच्या ट्रॉल्यांसाठी ३०४, आणि ओट्यापासून दूर असलेल्या, कोरड्या डब्यांच्या ट्रॉल्यांसाठी २०२.